जावेच्या पायाची नखं

थोरलीला कुणी विचारलं असतं, की बाई, मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यात अवघड काय, तर तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं असतं: जाऊ.

पहाटे उठणं जड जातं, हे खरं. काखेत आणि मांड्यांत घासून कातडी सोलवटते, मग आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की माणूस न्हाणीघरातूनच ओरडतं, हेही खरं. लांब पळून आलेल्या दिवशी जिना उतरताना पाय वाकत नाहीत, म्हणून कठड्याला धरून उलटं उतरावं लागतं. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली होती. पण नखं पुन्हा येतात. जाऊ एकदा घरात आली की जात नाही.

थोरली इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. दिवसभर उभं राहायचं, यंत्रातून निघालेल्या गरम चादरी दोघींनी चार कोपरे धरून ताणायच्या, घडी घालायची, ढीग लावायचा. एकदा तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी तिची साखर तपासली आणि सांगितलं, चालायला लागा. ती नदीकाठच्या रस्त्याने चालायला लागली. चालता चालता पळायला लागली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिला ते आवडलंच.

आवडायचं कारणही होतं. घरात दोन भाऊ, दोन जावा आणि स्वयंपाकघर एक. फ्रीज दोघींचा, कपाट दोघींचं, सासूबाईंची बोलणीसुद्धा दोघींत वाटलेली. थोरलीचं म्हणावं असं एकच होतं, पहाटेचं ते पळणं. पळणाऱ्यांच्या गटाचे मास्तर, म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक, एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही पूर्ण मॅरेथॉन पळू शकाल." ते ऐकून ती घरी आली आणि तिने मनाशी ठरवून टाकलं. या घरात मॅरेथॉन पुरी करणारी पहिली बाई मी. बस, एवढं एक माझं असू दे.

आणि दुसऱ्याच आठवड्यात धाकटी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"ताई, मीही येऊ का? वजन फार वाढलंय हो."

आता नाही कसं म्हणायचं? थोरलीनेच तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, खांदे सैल कसे सोडायचे ते दाखवलं, घासतं तिथे व्हॅसलीन कसं लावायचं ते सांगितलं. म्हटलं, चार दिवस येईल आणि गप्प बसेल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर बसून काचा बसवणारी बाई, ती कसली पळतेय!

पण धाकटी पळाली की हो! आणि पळाली ती कशी, तर गप्पा मारत. थोरली धापा टाकतेय, घामाने डोळे चुरचुरतायत, पोटात कळ येऊन ती वाटेत संडास शोधतेय, आणि ही बया शेजारून म्हणतेय, "ताई, उद्या भाजी कोणती करायची?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिला भूक लागायची पण चक्कर यायची नाही. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे नाहीत. आणि नखं? पायाची दहाच्या दहा नखं जागेवर, वर गुलाबी रंग लावलेली! संध्याकाळी सोफ्यावर पाय वर घेऊन ती नखांना रंग लावत बसायची, आणि थोरली कणीक मळता मळता त्या पायांकडे अशी बघायची, की नजरेने नखं गळत असती तर एक उरलं नसतं.

"वहिनी, आमची ही तुमच्या पुढे जाणार बघा," दीर जेवताना हसत म्हणाला.

"जाऊ दे की. रस्ता काय माझ्या बापाचा आहे?" थोरली म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात जरा आदळूनच वाढला.

मग आला सगळ्यात लांब पळायचा रविवार. बत्तीस किलोमीटर. मास्तर सांगायचे, हा एक दिवस पार पडला की निम्मी मॅरेथॉन झाली. थोरली खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन निघाली, नेटाने पळाली, आणि शेवटचे चार किलोमीटर उरले असताना तिच्या पोटरीत असा पेटका आला की ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. धाकटी थांबली. "मीही थांबते, ताई."

"तू जा. माझ्यासाठी थांबायची काही गरज नाही."

धाकटी गेली आणि बत्तीस पुरे करून आली. थोरलीला मास्तरांनी स्कूटरवरून परत आणलं.

त्यानंतर मास्तरांनी सगळ्यांना बजावलं: आता तीन आठवडे लांब पळायचं नाही. थोडं थोडं, हलकं पळायचं. जे कमवायचं ते कमवून झालंय, आता पायांना विसावा द्या. या दिवसांत जो मोह आवरत नाही, तो स्पर्धेच्या दिवशी घरी बसतो.

हलकं पळायचं म्हणे! इथे थोरलीच्या छातीवर ते चार किलोमीटर दगडासारखे बसले होते. चादरींच्या घड्या घालताना तेच, भाकरी थापताना तेच. धाकटीने केलं. मी नाही केलं. शेजारी झोपलेल्या नवऱ्याला ती एकदा म्हणाली, "मला तिचा हेवा वाटतो हो." तो म्हणाला, "कुणाचा?" आणि उत्तर यायच्या आत घोरायला लागला.

शेवटी तिच्याने राहवलं नाही. एका दुपारी कामावरून घरी फोन केला, आज जास्तीचं काम आहे, उशीर होईल. आणि पिशवीतले बूट काढून ती एकटीच नदीकाठी गेली. दिवसभर उभं राहून आधीच भरून आलेल्या पायांनी ती बत्तीस किलोमीटर पळाली. पुरे बत्तीस! शेवटच्या वळणाला ती मोठ्याने हसली. घे, म्हणाली. घे, भवाने!

सकाळी तिला पाय टेकवेना. नडगीच्या हाडाला चीर गेली होती.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आणि सांगायचीही सोय नाही. घरी म्हणाली, धुलाईखात्यात ओल्या फरशीवर पाय घसरला. सासूबाई हळहळल्या. धाकटीने गच्चीतल्या दोरीवर थोरलीने रात्रीच धुऊन वाळत घातलेले पळायचे मोजे पाहिले, थोरलीच्या पायाकडे पाहिलं, आणि बर्फाची पिशवी आणून दिली. तिने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी मास्तरांनी थोरलीला शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी खुर्ची दिली. "पाणी तरी द्या सगळ्यांना. मन रमेल." ती हो म्हणाली. मन रमवायला नाही. इथपर्यंत येता येता भल्याभल्यांचे पाय जातात, हे तिला माहीत होतं, आणि धाकटीचे गेलेले तिला बघायचे होते. असं होतं ते. उगाच गोड करून सांगण्यात काय अर्थ?

आणि धाकटी तशीच आली. चेहरा राखेसारखा, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ, खांदे कानापर्यंत चढलेले. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"ताई, पाय उचलत नाहीत. सोडून देऊ का?"

थोरलीच्या जिवाला गार गार वाटलं. किती महिने ती याच वाक्याची वाट बघत होती! ती काठी टेकत उठली, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सोड गं बाळा. जिवापेक्षा का मोठं आहे ते? ये, बस इथे माझ्या खुर्चीत. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून पळू."

धाकटीने पाण्याचा पेला तोंडाला लावला. पिता पिता तिने थोरलीकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "लग्न होऊन आठ वर्षं झाली. इतकं गोड तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नाहीत."

"म्हणजे?"

"मी खरंच संपले असते, तर तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या. अजून दम आहे माझ्यात, म्हणून हे गोड बोलणं." आणि तिने पेला खाली ठेवला, टेबल सोडलं आणि निघाली.

थोरलीच्या अंगाची आग आग झाली. चोरी पकडली गेली होती, आणि तीसुद्धा भर रस्त्यात. पडावी ही, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. ती डोळे फाडून बघत राहिली. धाकटी फरफटत चालली होती, मान खाली, हाताच्या मुठी आवळलेल्या. अशीच गेली तर पुढच्या चढावर ती पडणारच होती. थोरलीला ते जितकं कळत होतं तितकं त्या रस्त्यावर कुणालाच कळत नव्हतं.

"अगं ए!" ती खच्चून ओरडली. "खांदे! खांदे खाली सोड, मेले! किती वेळा सांगायचं? मूठ उघड! मान वर! पाऊल आखूड टाक, आखूड! अक्कल गहाण टाकलीस का?"

धाकटीचे खांदे खाली आले. मुठी सुटल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पाऊल आखूड झालं, मग दुसरं, आणि हळूहळू तिला तिची चाल सापडली. चढावर ती छोटी छोटी होत गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

टेबलाशी पेले भरणाऱ्या बाईने विचारलं, "कोण हो तुमची?"

"जाऊ आहे," थोरली म्हणाली. "काही म्हणजे काही येत नव्हतं तिला. सगळं मीच शिकवलं."

आणि ती खुर्चीत बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ढसाढसा रडायला लागली.