भट्टीवाल्या काकांच्या तीन चकत्या

भांडुपच्या आमच्या लॅबमध्ये माझं काम एकच: पोलाद किती कडक आहे ते सांगायचं. मशीनच्या बैठकीवर तुकडा ठेवायचा, हिऱ्याचं टोक आधी हलक्या आणि मग जड भाराने त्यावर दाबायचं, आणि ते किती खोल गेलं ते डायलवर वाचायचं. टोक जास्त रुतलं तर आकडा कमी, म्हणजे माल मऊ. एक आकडा म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. लोक म्हणतात, एवढ्याशाने काय होतं? मला विचारा.

आमच्या गल्लीच्या टोकाला पोलाद कडक करून देणारं एक वर्कशॉप होतं. तिथले भट्टीवाले काका मालवणकडचे, बापाची गिरणी बंद पडल्यावर पोरवयातच ह्या धंद्यात आलेले. भट्टीला तापमानाचा मीटर होता, पण काका तापलेल्या लोखंडाचा रंग बघूनच माल तेलात टाकायचे. मालक रोज कटकट करायचा, की अंदाजपंचे धंदा बंद करा, मीटर बघा. काका मान डोलवायचे आणि रंगच बघायचे. त्यांचा माल कधी परत आला नव्हता, म्हणून मालकाला त्यांना हलवता येत नव्हतं.

तपासायचे नमुने काका स्वतः आणून द्यायचे, प्रत्येकाला तारेने नंबरचा बिल्ला बांधलेला. ती तार सोडवताना माझी बोटं सोलवटायची. एक दिवस मी भडकलेच. "काका, किती वेळा सांगायचं? सरळ स्टिकर लावा ना!"

"बरा गो बाय," म्हणाले.

पुढच्या खेपेला तीन चकत्या आल्या, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या. डोक्यावर कामाचा ढीग होता. मी वरची बाजू पॉलिश पेपरवर घासली, चकती बैठकीवर ठेवली, भार दिला. चव्वेचाळीस. हवे होते निदान पन्नास. दुसरी त्रेचाळीस, तिसरी पुन्हा चव्वेचाळीस. प्रमाणित ठोकळ्यावर मशीन तपासून पाहिलं, तर ते चोख. रिपोर्टवर लिहिलं, माल मऊ, नापास.

काका धावतच आले. "परत एकदा बघ गो बाय. रंग बरोबर होतो."

आता एकदा बघायला माझं काय जात होतं? पण मला वाटलं, हे माझ्या कामावर शंका घेतायत. "मशीनला डोळे नसतात काका," मी म्हटलं, "म्हणून ते चुकत नाही." शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. काकांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली आणि ते गेले.

संध्याकाळी नमुने डब्यात भरताना एक चकती उलटी झाली. खालच्या बाजूला स्टिकर. तिन्ही चकत्यांना. जड भाराखाली कागद दबला होता, त्याच्याबरोबर चकती खाली सरकली होती, आणि तेवढं टोक पोलादात रुतलं असं मशीनने धरलं होतं. ठेवण्याआधी खालची बाजू पुसून बघायची, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. स्टिकर खरवडून पुन्हा दाबलं. बावन्न. बावन्न. एक्कावन्न.

फोन समोरच होता. पण रिपोर्ट सही होऊन गेला होता, माझी नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती, आणि सकाळी मी सगळ्यांसमोर तोरा मिरवला होता. उद्या सांगू, म्हटलं. चकत्या डब्यात टाकून घरी गेले आणि नीट जेवले. हे लिहितानाही लाज वाटते.

'उद्या' मी सांगायच्या आधीच मालकाने काकांना भट्टीवरून काढलं. त्याला तेवढंच निमित्त हवं होतं. पॅकिंगला बसवलं, तर महिन्याभरात काका सोडून गेले. मग तर सांगायचं तोंडच राहिलं नाही. माझी नोकरी पक्की झाली, मी पेढे वाटले.

तीन वर्षांनी कळलं, की काका मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. रविवारी गेले. मला बघून खूप खूश झाले. खुर्ची दिली, चहा मागवला. "वर्कशॉपातली पोरा तुझ्या रिपोर्टाक नावा ठेवी होती," म्हणाले. "मी सांगितलंय, तिची चूक नाय. माझेच डोळे गेले." त्या दिवसापासून भट्टीसमोर उभं राहायची भीतीच वाटायला लागली, म्हणाले. दुसऱ्या दोन वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं, दोन्हीकडे नाही म्हटलं.

तेव्हा मी सगळं सांगितलं. स्टिकर, कागद, बावन्न. रडले, हात जोडले.

काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "तुका कधी कळला?"

"त्याच संध्याकाळी."

बाहेर गाडीने हॉर्न दिला. काका गेट उघडायला उठले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मगे तेव्हाच येवक होया होता गो."