दहावे बाळंतपण

शेलूबाजारच्या रस्त्यावर एक फाटा होता. तिथून मैलभर आत, गावाच्या कडेला, आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत औषधांचे कपाट आणि तपासणीचा बाक. मागच्या खोलीत नर्स रुख्मिणीबाईंचा संसार. संसार म्हणायचे एवढेच. छप्पन्न साली वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे वडिलांनी हट्टाने त्यांना अकोल्याला नर्सिंग शिकायला धाडले. त्यांच्या पगारावर धाकटा भाऊ जगदेव शिकला आणि भुसावळला रेल्वेत लागला. या सगळ्यात रुख्मिणीबाईंच्या लग्नाचे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे होत राहिले आणि मग कुणी पाहायचेही थांबले. पंचक्रोशीतली कितीतरी पोरे त्यांच्या हातावर जन्मली. घरी मात्र तव्यावर एकच भाकर पडे.

१९७६ च्या जानेवारीत त्या खोलीत दुसरी खाट आली. स्कॉटलंडमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठ आठवडे परदेशातल्या दवाखान्यात काम करावे लागे. त्यासाठी आलेली हिलरी नावाची मुलगी मोठ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रुख्मिणीबाईंकडे सोपवली. कारण त्या गावात संडास फक्त उपकेंद्राला होता. तिच्या कागदावर एकच अट होती: दहा बाळंतपणे स्वतःच्या हाताने करायची. ती झाली की उरलेले दिवस तिचे. मैत्रिणीबरोबर केरळ पाहायचे तिने ठरवले होते.

पोरगी कामाला वाघ निघाली. मोडके मराठीही शिकली. पहिला शब्द शिकली तो ‘काहून’, म्हणजे ‘का’, आणि मग दिवसभर तोच विचारीत सुटायची. बाया थट्टेने म्हणत, नर्सबाई, या गोऱ्या पोट्टीले सून करून घ्या. त्यावर रुख्मिणीबाई विचारीत, आधी पोरगा कुठून आणू? संध्याकाळी दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसत. बोलणे फार होत नसे, पण ताटे दोन मांडली जात.

सहाव्या आठवड्यात नववे बाळंतपण झाले. हिलरीने आनंदाने नऊ बोटे नाचवून दाखवली. रुख्मिणीबाईंनी आधीच मीठ घातलेल्या भाजीत पुन्हा मीठ घातले.

त्या गुरुवारी हिलरी पत्र टाकायला शेलूबाजारला निघाली आणि थोड्याच वेळात उकंडरावांचा धाकटा मुलगा भिवाजी बैलांची बंडी घेऊन आला. त्याची भावजय गंगू हिला कळा सुरू झाल्या होत्या. घर मळ्यात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गोरी बाई अजून फाट्यावर बसची वाट पाहत असेल, थोडा वळसा पडेल पण तिला घ्यायचे का, असे त्यानेच विचारले. रुख्मिणीबाई म्हणाल्या, तेवढा वेळ नाही.

वेळ होता. गंगू पहिलटकरीण होती. तपासताच त्यांना कळले, की दिवस कलेपर्यंत काही होत नाही. पाच तास त्या तिच्या पाठीवर हात फिरवीत बसल्या. त्या पाच तासांत कुणालाही निरोप घेऊन धाडता आले असते. मुलगा झाला. नाळ त्यांनीच कापली. परतल्या तेव्हा हिलरीने आयुष्यात पहिल्यांदा खिचडी करून झाकून ठेवली होती. कुठे गेला होतात, असे तिने विचारले. लस टोचायला, असे सांगून रुख्मिणीबाईंनी ती करपलेली खिचडी शितही न ठेवता संपवली.

वऱ्हाडात पाचव्या दिवशी पाचवी पुजतात आणि जिने नाळ कापली तिला जेवायला बोलावतात. रुख्मिणीबाई मात्र धम्मात असल्याने कुठल्याही पाचवीला जात नसत. आरंभी लोक बोलवायला येत, त्या हात जोडून नाही म्हणत. मग लोकांनी येणेच सोडले. त्यामुळे असे बोलावणे येते हेच त्यांच्या ध्यानातून गेले होते. सोमवारी सकाळी गंगूची सासू गोजराबाई अंगणात येऊन उभी राहिली.

“तुमी तं येत नाही, नर्सबाई, मले ठाऊक हाये. पण या पोरीले धाडा, पाव्हणी हाये, चार घास खाईन. त्या दिवशी काहून नाही आणलं हिले? भिवाजी तं फाट्यावरून घ्याले तयार होता.”

हिलरीचे हात शेंगांवर थांबले. बाळ कधी झाले, असे तिने अडखळत विचारले. गोजराबाईने कौतुकाने सांगून टाकले, गुरुवारी, दिवेलागणीच्या आधी.

हिलरीने रुख्मिणीबाईंकडे पाहिले.

“काहून?”

सांगायला पुष्कळ होते. रस्ता खराब होता, बंडी लहान होती. ते सोडून रुख्मिणीबाई म्हणाल्या,

“दहा झाले असते, तं तू गेली असती.”

तिला किती उमगले कोण जाणे. ती उठली, हात धुतले आणि गोजराबाईबरोबर गेली. दुपारी परतली तेव्हा नाळ कापणारीच्या मानाचा खण तिने रुख्मिणीबाईंच्या उशाशी ठेवला. त्या संध्याकाळी ती अंगणात बसायला आली नाही.

बुधवारी भर उन्हात बौद्धवाड्यातून गोविंदा धावत आला. त्याच्या बायकोचे, भागिरथाचे दिवस भरले होते. या वेळी रुख्मिणीबाईंनीच हिलरीची पिशवी उचलली. बाळाचे डोके आले आणि खांदा अडला, तेव्हा हिलरी गांगरली. रुख्मिणीबाईंचे हात आपोआप पुढे झाले. ते त्यांनी मागे घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

“घाई नोको करू. कळ येऊ दे. आता खाली धर.”

मुलगी झाली. रडली. नाळ हिलरीने कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली. पत्र लिहीन म्हणाली. तुहं इंग्रजी मले कोण वाचून दाखवीन, असे रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या. तेवढ्यात बस आली.

आरोग्य केंद्रातल्या पुढच्या मासिक बैठकीत डॉक्टरांनी रुख्मिणीबाईंना थांबवून घेतले. मुलीने त्यांची फार तारीफ केली होती. त्या महाविद्यालयाला पुढच्या वर्षी आणखी एक विद्यार्थिनी पाठवायची होती. तुमच्याकडेच ठेवू या, असे डॉक्टर म्हणाले.

“नको, साहेब. दुसरीकडं कुठंबी ठेवा.”

डॉक्टरांना नवल वाटले. मुलीने त्रास दिला का, खाण्यापिण्यावरून काही झाले का, असे त्यांनी दोनदा विचारले. रुख्मिणीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. अखेर उत्तरात काहीतरी लिहायलाच हवे म्हणून डॉक्टरांनी लिहिले, की उपकेंद्रात दोन माणसांना जागा अपुरी पडते. कागद त्यांनी रुख्मिणीबाईंना मराठीतून वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकून रुख्मिणीबाई बरोबर आहे म्हणाल्या.