घट्ट झाकण

सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं. विद्यापीठाच्या वाचा-उपचार विभागात थोरल्या बाईंनी नेहमीसारख्या साबणाच्या फुग्यांच्या काही बाटल्या भरल्या, झाकणं करकचून लावली. झाकण उघडेनासं झालं की मदत मागायला मूल तोंड उघडतं, ही त्यांची जुनी युक्ती. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंपुढे मात्र उपचाराला येणारी छोटी चिमणी आठवडाभर ओठ शिवून बसली होती. आजही पोर गप्प राहिली, तर तिची आई उपचार बंद करणार होती.

थोरल्या बाई आईला घेऊन काचेमागच्या खोलीत बसल्या. नव्या बाईंच्या कानात सूचना देणाऱ्या माइकवर त्यांचं बोट होतं. काचेपलीकडे चिमणीसमोर नव्या बाई झाकणाशी झटत होत्या. ते खरंच उघडेना. शिकलेलं सगळं विसरून त्यांनी बाटली गुडघ्यांत धरली, तोंड लालबुंद.

"अगं बाई, हात गेला गं माझा!"

चिमणी फिस्सकन हसली. "लाव ना जोर!"

आईनं थोरल्या बाईंचं मनगट पकडलं. "बोलली हो!"

"मग आणत जा. मी नसले म्हणून काय झालं?"

माइकवरचं बोट काढून थोरल्या बाई उरलेल्या बाटल्या भरायला उठल्या.