सासऱ्यांचा जीवनपट

पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो बहुधा माझ्या शेजारी असे. अंगात औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्यातरी कारखान्याचा निळा गणवेश, हातात मोबाइल आणि त्यावर एका कुटुंबाची विनोदी कार्टून मालिका. नाव मी कधी विचारले नाही.

त्या दिवशी तो पोट धरून हसत होता.

"आज नेहमीची गोष्टच नाय," तो म्हणाला. "बाप एकदम मोठा स्टार हाय आणि त्याच्यावर माहितीपट काढलाय. त्याचे शेजारी खुर्चीत बसून डोळे पुसतायत. म्हणे, एवढा मोठा झाला, पण पाय जमिनीवर! पोरगी तर सांगते, आम्ही घरचे नायच, सगळे पगारी नट."

मग त्याचा चेहरा पडला. त्याचे सासरे गावचे सरपंच होते. त्यांच्या वाढदिवसाला पडद्यावर जीवनपट दाखवायचा होता आणि त्यासाठी आज संध्याकाळी जावयाला कॅमेऱ्यासमोर बोलायचे होते.

"हसलो तर बायको घरात घेणार नाय."

त्याने तिथेच सराव सुरू केला. "आमचे मामा एवढे मोठे झाले, पण पाय..." पुढे शब्द फुटेना. त्याने रुमालात तोंड खुपसले. खांदे गदगदा हलू लागले.

मागच्या बाकावरच्या म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको रे बाबा. कोण गेलं?"

"कोण नाय गो आये. सासऱ्यांचा वाढदिवस हाय." मग तो थबकला. "खरंच रडतोय असं वाटलं?"

"माझ्या डोळ्याला पाणी आलं की रे!"

त्याने रुमालाची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि निश्चिंतपणे उरलेला भाग लावला.