पुऱ्यांच्या झाऱ्याने वाचलेली बदके

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमची दोन बदकाची पिल्ले दाखवलीत. मी "वा, वा" म्हणत होते, पण माझे लक्ष पिल्लांकडे नव्हतेच. त्यांच्या मागे तुमच्या परसातला पोहण्याचा तलाव निळाशार चमकत होता, आणि धाकटी म्हणाली, "आजी, शनिवारी आम्ही यांना पाण्यात सोडणार!" मी "थांबा!" म्हणून ओरडले आणि नेमका तेव्हाच फोन अडकला. तुमच्याकडे म्हणे माझे उघडे तोंड पाच मिनिटे तसेच दिसत राहिले. हसलात ना? खुशाल हसा. पण शनिवारच्या आत हे वाचून काढा.

मागच्या दिवाळीत तुम्ही येणार म्हणून आजोबांनी आपल्या परसात टाकी बांधून घेतली, आठवते ना? नकाशा त्यांचाच, त्यामुळे सगळे फौजी शिस्तीत: काठ ताठ, कोपरे काटकोनात, आत निळ्या गुळगुळीत फरश्या. तुम्ही चार दिवस डुंबलात आणि परत गेलात. मागे एवढे पाणी नुसते आभाळाकडे बघत पडले, ते आजोबांना बघवेना.

अंडी आणली ती शेजारच्या मळ्यातल्या मावशींनी. त्याच, ज्यांच्या मेंढ्या मोजायला तुम्ही गेला होतात आणि तीनदा मोजून तीन वेगळे आकडे आणले होतेत. त्यांचे माहेर विट्याकडे. भावाचे केरळात सोने गाळण्याचे दुकान आहे. तो जत्रेला गावी आला, तेव्हा बदकाची सहा अंडी कापसात गुंडाळून, मांडीवर डबा धरून, रेल्वेने घेऊन आला. मावशी डबा उघडत म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचं सोनं बी एवढं जपलं नसंल गड्यानं!"

आता अंडी आली, पण बदकीण कुठे होती? मात्र आमची तांबडी कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती. रिकाम्या टोपलीवरसुद्धा ती बसून राहायची. तिच्याखाली सहाही अंडी सरकवली आणि मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. एकविसाव्या दिवशी आजोबा टोपलीशी वाकून म्हणाले, "नासली. टाकून दे."

"अहो, एकवीस दिवस कोंबडीच्या अंड्यांना; बदकाला अठ्ठावीस लागतात. मी लिहून ठेवले आहे."

"कोंबडीने वाचलंय का ते?"

तिने वाचले नव्हते, पण उठलीही नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी टोपलीत सहा पिवळे गोळे चिवचिवत होते आणि आजोबा घरोघर फोन करून सांगत होते की आपल्याला पहिल्यापासून खात्री होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पिल्लांना टाकीवर नेले. आपल्याकडे प्रत्येक पोर विहिरीत पोहायला शिकते ते पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. आजोबाही तसेच शिकले. म्हणून त्यांना या पिल्लांचे फार कौतुक. "बघ, यांना डबा बांधायला नको!" असे म्हणत त्यांनी एकेक पिल्लू पाण्यात सोडले.

काय सांगू तुम्हाला! पिल्ले भिंगरीसारखी फिरली. बुडी मारली, वर आली, एकमेकांच्या शेपट्या ओढल्या. मी टाळ्या वाजवत होते. मी, जिने पाचगणीच्या शाळेत तीस वर्षे मुलींना टाळ्या कमी वाजवायला सांगितले. आणि कोंबडी? ती बिचारी काठाकाठाने पंख फुलवून धावत होती आणि सगळ्या मळ्याला बातमी देत होती की माझी लेकरे बुडाली हो, बुडाली!

पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आले की कोंबडीचे खरे आहे. पिल्ले पाण्यावर होती ती पाण्यात जाऊ लागली होती. पिसे भिजून चप्प झालेली, नुसत्या माना वर. ती काठाकडे येत, फरशीवर पाय मारत आणि घसरून मागे जात. आदल्या दिवशी पंपाला वीजच नव्हती, त्यामुळे पाणी काठापासून हातभर खाली होते. आजोबा इस्त्रीच्या लेंग्यानिशी टाकीत उतरले. एक पिल्लू धरले की दोन त्यांच्या लाटेने लांब जात.

"हलू नका हो!" मी ओरडले आणि स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर पुऱ्यांचा झारा होता. तो आणि परात घेऊन आले, काठावर पालथी पडले आणि एकेक पिल्लू निथळून परातीत काढू लागले. मावशी कुंपणापाशी आल्या आणि बघतच राहिल्या. "आवं बाई, पुऱ्या तळताय का काय?"

पाच निघाली. सहावे तळाशी होते. आजोबांनी बुडी मारून ते वर आणले, तेव्हा त्याची मान लोंबत होती. मावशींनी कुंपणातून आत येऊन ते हातातून ओढूनच घेतले, डोके खाली धरून पाणी झटकले आणि खांद्यावरच्या घोंगडीत घालून चोळायला लागल्या. "व्हय की रं बाळा, वरड की एकदा." किती वेळ गेला, मला माहीत नाही. त्या दिवशी मी घड्याळ बघितले नाही. मग घोंगडीतून इतका बारीक "ची" आला की आजोबांना तो ऐकूच आला नाही. मी सांगितल्यावर त्यांनी घोंगडीला कान लावला.

"आईच्या पिसांचं तेल लागतं पिल्लाला," मावशी म्हणाल्या. "कोंबडीपाशी कुठलं तेल? आन् चढायला वाट न्हाई ठेवली, साहेब! मेंढराला पण वाट लागती." दुपारपर्यंत त्यांनी एका फळीवर गोणपाट ठोकून ती टाकीत तिरकी सोडली होती.

तेव्हा ऐका. तुमची पिल्ले दुकानातून आली आहेत, म्हणजे त्यांनाही बदकीण नाही. अंगावर खरी पिसे येईपर्यंत त्यांना परातीतच खेळवा, तेही पाचदहा मिनिटे, मग पुसून उबेला ठेवा. औषध टाकलेल्या पाण्यात तर नकोच. आमच्या टाकीत आजोबांनी पावडर टाकणे तेव्हापासून बंद केले, आता ते पाणी नारळांना जाते. मोठी झाली तरी खरखरीत फळी हवीच, आणि तुम्ही घरात गेलात की तलावावर जाळी.

आमच्या सहांपैकी एकाला पुढे मुंगसाने नेले. पाच आहेत. फळी आहे, तिचे गोणपाट दोनदा बदलले. कोंबडी अजून काठाने धावते आणि ओरडते. घोंगडीतल्या त्या सहाव्या पिल्लाने गेल्या मंगळवारी पहिले अंडे घातले.