बाबांच्या गाडीचा बॉल जॉइंट

मंडळी, आज मुरबाडच्या गॅरेजमध्ये सुपारीएवढ्या एका गोळ्याकडे मी चक्क आ वासून बघत होते!

बाबांनी तरुणपणी भंगारातून उचललेली आमची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार पुढून खडखडत होती, म्हणून बॉल जॉइंट काढले. पुढचं चाक याच गोळ्यावर वळतं. माळशेज घाटात हा निखळला तर संपलंच! त्याची वाटी झिजली होती, पण गोळा? इतक्या वर्षांनी आरशासारखा लख्ख. त्यात माझं नाक दिसलं!

दर खंडेनवमीला, झेंडूचा हार घालायच्या आधी, बाबा गाडीखाली शिरून ग्रीस भरायचे. ही त्याची कमाल.

नवे दोन प्रकारचे होते. एक सीलबंद, पुन्हा बघायलाच नको. दुसऱ्यात ग्रीस भरत राहायचं. मिस्त्री म्हणाला, दोन्ही चांगले.

बाबांनी सीलबंद उचलला. "हाच घे गो. गुडघे आता वाकत नाय."

मी दुसरा घेतला.

"खाली कोण शिरनार?"

"मी. तुमी वरून सांगा, किती पंप मारायचे ते."



तुमच्याकडे आलंय का असं एखादं काम, न मागता?

मी हे लिहितेय आणि बाबा अंगणात ग्रीसगन पुसतायत. खंडेनवमी अजून कितीतरी लांब आहे.