लंबी रोटीसाठी सैपाकघर

एकोडीत लंबी रोटी करावी ती कलाबाईनंच. सैल कणीक हातावर कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. तिची रोटी फाटलेली कुणी पाहिली नव्हती. पण एकुलत्या एक लेकानं, चंद्रकुमारनं, स्लॅबचं घर बांधलं, गॅस आणला आणि सुनेला, रीनाला, धुराचा खोकला आठवला. मडकं माळ्यावर गेलं.

म्हणून यंदा लेक म्हणाला, "माय, सांदवाडीत तुह्या रोटीसाठी सैपाकघर बांधून देतो. कसं पाहिजे ते तूच सांग," तेव्हा म्हातारी हरखली. घरामागच्या त्या मोकळ्या जागेत तिनं चुन्याची फक्की घेऊन स्वतः आखणी केली. मडकं मोठं, म्हणून चूल रुंद. बसून रांधायची सवय, म्हणून ओटा नको. शेजारणींना यायला गल्लीकडून एक दार. गरम रोटी घेऊन जायला घराकडून दुसरं. मधे पाच पानांची जागा, चार घरची आणि एक पाहुण्याचं.

घनश्याम मिस्त्री हसला, "काकी, इंजिनेरले मागं टाकलं तुमी!"

"घराकडच्या दाराले पल्ला मजबूत लाव. धूर अंदर नाही गेला पाहिजे."

मग ती आठ दिवस दिघोरीला बहिणीकडे राहून आली. सैपाकघर हुबेहूब उभं होतं. फक्त घराकडचं दार विटांनी बुजवलेलं. पाच पानांच्या जागेवर तिची खाट, तिची पेटी आणि तांदळाचा एक छोटा डबा.

"दार काहून बुजवलं रे?"

चंद्रकुमारनं वर पाहिलं नाही. "तूच तं म्हणे, धूर अंदर नाही आला पाहिजे. आता आपल्या मनानं रांध, मनानं खा. रोजची कटकट नाही."

"मी धुरासाठी म्हटलं होतं, बाप्पा. माह्यासाठी नाही."

तो गल्लीच्या दारानं निघून गेला. परक्यानं केलं असतं तर तिनं शिव्या घालून जीव मोकळा केला असता. इथं पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता, आणि चुन्याच्या रेघा तिच्याच हातच्या होत्या. तिला रडूही येईना, इतका राग आला.

संध्याकाळी तिनं चूल पेटवली. सवयीनं चौघांची कणीक भिजवली होती. पहिली रोटी अख्खी उतरली आणि ती सवयीनंच ओरडली, "गुड्डे, रोटी घे वं!"

"आली, आजी!" भिंतीपलीकडून नातीचा आवाज आला. मागोमाग रीनाचा, "बस खाली. आपलं जेवण झालं."

कलाबाईनं रोटीची घडी घालून ताटात ठेवली. बाकीची कणीक परातीत तशीच होती.